सव्वादहा इंच

१

शिपायानं कात्रीनं दोरा तोडला, लाखेचं सील मोडलं आणि खाकी कागद उलगडून आतली वस्तू टेबलावर ठेवली. भंडाऱ्याच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात कैलाश सेलोकर मान खाली घालून उभा होता. लोखंड वाजलं तशी त्यानं मान वर केली आणि कोर्टाची सगळी शिस्त विसरून तो ओरडला,

"हा माझा नाही, साहेब! हा चाकू माझा नाहीच!"

न्यायाधीशबाईंनी हातानंच त्याला गप्प केलं. टेबलावर होता तो एक खंजीर. दोन्ही बाजूंनी धार, मधून उंच शीर, टोकाकडे सुईसारखा निमुळता. काळी लाकडी मूठ. पात्यावर गंजाचे ठिपके.

कैलाशच्या वकील शुभांगी गभणे क्षणभर गोंधळल्या. विधी सेवा समितीनं ही केस त्यांच्याकडे दिली त्याला चार महिने झाले होते. कैलाश सिहोऱ्याचा, अडतीस वर्षांचा. मस्कतच्या एका हॉटेलात अकरा वर्षं मासे कापण्याच्या विभागात होता. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तो गावी परतला आणि आसपासच्या कार्यक्रमांचा स्वयंपाक करू लागला. मागच्या नोव्हेंबरात, निवडणुकीच्या दिवसांत, तो कोंढ्याला एका साखरपुड्याच्या जेवणासाठी एसटीनं निघाला होता. करंजटोला फाट्यावर नाकाबंदीत त्याची पिशवी उघडली गेली आणि आत लांब पात्याचा चाकू सापडला. गुन्हा हत्यार कायद्याचा. सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं.

शुभांगीताईंचा सगळा बचाव एकाच गोष्टीवर उभा होता: पकडलेली वस्तू हत्यार नाही, स्वयंपाकघरातलं अवजार आहे. आणि आता कोर्टासमोर पडला होता तो खंजीर. खंजिरानं कोणी मासे कापत नाही.

गुन्हा नोंदवणारे उपनिरीक्षक निकेश हटवार साक्षीच्या पिंजऱ्यात होते. त्यांनी पंचनामा वाचला. "लांब पात्याचा धारदार चाकू, पाते सव्वादहा इंच, काळी लाकडी मूठ." पट्टी लावली. खंजिराचं पातं बरोबर सव्वादहा इंच भरलं.

शुभांगीताईंनी कैलाशच्या मोबाईलमधला त्याच्या चाकूचा, मस्कतच्या स्वयंपाकघरातला फोटो पुढे केला. सरकारी वकील शांतपणे म्हणाले, "आरोपीकडे दुसराही एक चाकू होता, एवढंच यावरून दिसतं. पिशवीत हा नव्हता, हे दिसत नाही."

ते खरंच होतं. शुभांगीताई टेबलाजवळ गेल्या. खंजीर बघायचा म्हणून वाकल्या, पण त्यांची नजर अडकली ती खाली पसरलेल्या खाकी कागदावर. त्यावर हटवारांच्या अक्षरात गुन्ह्याचा नंबर होता, ठाण्याचा शिक्का होता, एक कोपरा कुरतडलेला होता. आणि मधोमध तेलाचा एक जुना डाग होता. लांबट. एक कड दोरी धरून ओढावी तशी सरळ, दुसरी हळूहळू वळत टोकाला मिळालेली.

"महोदया," त्या म्हणाल्या, "हा कागद आणि वरचं लेबल दोन्ही जसंच्या तसं जपून ठेवायचा हुकूम व्हावा. आणि मला थोडी मुदत हवी."

"गुरुवार," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्यानंतर नाही."

२

कोर्टासमोरच्या ऑफिसात कैलाशची आई चंद्रभागाबाई भिंतीला काठी टेकवून बसली होती. तिला फक्त एवढंच कळलं होतं की काहीतरी बिघडलं आहे.

"मस्कतचे हॉटेलवाले याले परत बोलावते, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हनले," ती म्हणाली. "पोलिसाचा दाखला पाहिजे म्हन्ते. केस असली तं कोन देईन दाखला?"

शुभांगीताईंनी जामिनावर असलेल्या कैलाशला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लावलं. वीस वर्षांच्या वकिलीत त्या एक शिकल्या होत्या: अशील खोटं बोलत नाही असं गृहीत धरायचं नसतं. पुडकं सीलबंद होतं. माप जुळत होतं. मूठ जुळत होती. कैलाशनं खंजीरच नेला असेल तर?

"चाकू कसा होता तुझा? नीट सांग."

"लांब, मॅडम. अरुंद. पाठ सरळ. माशाचे पातळ काप काढाचा. आमच्या मोठ्या उस्तादानं देला, येतांना. जपानचा हाये. त्याले गंज लवकर चढते, म्हून मी रोज पुसून खोबरेल तेल लावतो."

शुभांगीताईंनी मान वर केली. "त्या दिवशीही लावलं होतं?"

"सकाळीच. निंगाच्या आधी."

"भारतात आणताना कोणी अडवलं नाही?"

कैलाश कडवट हसला. "अडवलं ना. सामानात होता, मशीनमंधी दिसला. एकानं पट्टी लावली. म्हने, नऊ इंचाच्या वर हाये, हे तं तलवार झाली. दुसरा म्हने, अरे किचनचा हाये, जाऊ दे. मंग तिसऱ्याले फोन लावला. अर्धा घंटा तीन साहेब त्या चाकूभोवती उभे. शेवटी म्हनले, जा."

"काही लिहून दिलं?"

"जा म्हनल्यावर मी पळालो, मॅडम. कागद मांगाले थांबतो का?"

शुभांगीताईंना हसू आलं नाही. नियमाची ओळ त्यांना पाठ होती. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर ते हत्यार. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेलं असेल तर नाही. ओळ सरळ होती. पण पट्टी सगळ्यांच्या खिशात होती, आणि वस्तू कशासाठी घडवली हे बघायला लागणारी नजर फार थोड्यांकडे.

त्यांनी मुदतीचा अर्ज पुढे सरकवला. कैलाशनं डाव्या हातानं सही केली.

"डावखुरा आहेस तू?"

"हो जी. चाकू बी डाव्याच हाताचा हाये. त्याले एकाच बाजूनं धार राहते. उजव्या हाताचा वेगळा, डाव्याचा वेगळा. उस्तादानं मुद्दाम बनवून घेतला होता."

तो गेल्यावर त्यांनी आरोपपत्र उघडलं. पंचनाम्याच्या तळाशी दोन पंच होते. एकानं सही केली होती. दुसरा, सेवकराम बांते. त्याच्या नावापुढे निळ्या शाईचा अंगठा.

शुभांगीताईंनी कोर्टात लेबलावरून घेतलेलं टिपण शेजारी ठेवलं. लेबलावर सेवकराम बांते याची सही होती. ठळक, वळणदार, खाली दोन रेघा ओढलेली.

एकाच दिवशी, एकाच जागी एका माणसानं एका कागदावर अंगठा दिला होता आणि दुसऱ्यावर सही केली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कैलाशला घेऊन आपल्या गाडीनं करंजटोल्याला गेल्या. त्याला झाडाखाली गाडीतच बसवलं आणि ठाण्यात शिरल्या.

निकेश हटवार तिशीचा, नोकरीत नवा, डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा. त्यानं खुर्ची दिली आणि आधीच बोलून टाकलं, "मॅडम, मले तो चाकू आठवत नाही. त्या पंधरवड्यात सतरा धरले आमी. कोर्टात कागदावर आहे तेच बोललो."

"पंचनाम्यात लांबी आहे. रुंदी नाही, धार एका बाजूला की दोन, तेही नाही. का?"

"नऊच्या वर गेलं का झालं. पुढचं कोन पाहते?" तो थोडा थांबला. मग आवाज खाली आला. "तुमाले वाटत असन, पोलीस केसा वाढवते. पन त्याच आठवड्यात इथल्या बाजारात एकानं एकाच्या पोटात चाकू घातला. माह्या हातावर गेला तो मानूस. तो चाकू भाजीचा होता, सहा इंचाचा. कायद्यात बसतच नव्हता. मंग सांगा, एसटीत पन्नास लोकं, त्यातला स्वयंपाकी कोन अन् गुंडा कोन, मी कसा ओळखू?"

 शुभांगीताईंनी जप्त माल ठेवतात तो मालखाना बघायला मागितला.

मालखान्याचे हवालदार होते नत्थू कापगते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा गणवेश. किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि दुसरी किल्ली नव्हती. त्यांचं रजिस्टर शाळेतल्या हुशार मुलीच्या वहीसारखं होतं: सरळ ओळी, कुठे खाडाखोड नाही.

"हे पुडकं कोर्टात जाईपर्यंत इथून हललं?"

"नाही जी. आलं तसं ठेवलं, मांगतलं तसं पाठवलं."

"कोणी उघडलं?"

"सील असते, मॅडम. कसं उघडन कोनी?" नत्थू नम्रपणे म्हणाले.

खोलीच्या एका कोपऱ्यात लोखंडी पेटी होती. "ते काय?"

"निकाली मुद्देमाल. केसा संपल्या, नष्ट कराचा हुकूम झाला. तलवारी, खंजीर, गुप्त्या. यादी करून वर पाठवली, पथक आलं का तोडून टाकू."

"यादी कधी केली?"

"होळीच्या आसपास."

यादी तीन पानांची होती. शुभांगीताईंनी ती बोट लावून वाचली आणि शेवटच्या पानावर थांबल्या. बाकी सगळी पानं निळ्या शाईत होती. शेवटच्या पानावरची बेरीज काळ्या शाईत. आधीचा आकडा गिरवून एकानं कमी केलेला. सबंध मालखान्यातली ती एकुलती एक खाडाखोड होती.

त्यांनी नत्थूंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

४

सेवकराम बांतेचा पानठेला ठाण्याच्या बरोबर समोर होता. त्यानं शुभांगीताईंसाठी बाक पुसला.

"सेवकरामभाऊ, लिहिता येतं ना तुम्हाला?"

"येते म्हनजे? सातवी पास हाये मी," तो म्हणाला आणि पुठ्ठ्यावर झोकात सही करून दाखवली. खाली दोन रेघा.

"मग पंचनाम्यावर अंगठा का दिला?"

सेवकरामनं उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. मुळापासून टोकापर्यंत पांढरा व्रण होता. "धान कापतांना विळा लागला, मॅडम. आठ टाके. महिनाभर पट्टी होती, सही कुठून करू? म्हून डाव्या हाताचा आंगठा देला." त्याला त्यातली गंमत आता सुचली. "विळ्यानं एवढं कापलं, अन् विळे घेऊन सारा गाव रस्त्यानं फिरते. त्याले कोनी इचारत नाही."

"त्याच दिवशी पुडक्यावर लेबल लावलं. त्यावरही अंगठाच दिला असेल."

"हो. दोन्हीकडे."

"मी काल पाहिलं, सेवकरामभाऊ. त्यावर तुमची सही आहे. दोन रेघांसकट."

 सेवकरामनं कातानं लाल झालेला हात पाण्यात बुडवून बराच वेळ धुतला. मग ठाण्याच्या फाटकाकडे एकदा बघितलं.

"मले याद नाही."

"एक माणूस आत जाईल."

"मॅडम, मले इथंच ठेला लावाचा हाये. रोज." त्यानं मान फिरवली. "पान घ्याचं असन तं घ्या, नाही तं उनात नका उभ्या राहू."

शुभांगीताई उठल्या. त्यानं नाव सांगितलं नाही, पण सही दुसऱ्यांदा झाली आहे हे नाकारलंही नाही. म्हणजे पुडकं सील केल्यानंतर, बोट बरं झाल्यानंतर, कोणीतरी ते उघडलं होतं आणि लेबल नव्यानं लावलं होतं. तेलाचा डाग तेच सांगत होता. कागद जुना ठेवला होता, आतला चाकू बदलला होता.

प्रश्न उरला तो कशासाठी.

५

दुपार झाली होती. फाट्यावर एकच खानावळ होती, कुडाच्या भिंती, चार बाकं. कैलाश सकाळपासून उपाशी होता. चालवणारी बाई साठीच्या पुढची, लुगड्याचा पदर खोचलेली. वाढायला तिची शेजारीण तुळसा मदत करत होती. चालवणाऱ्या बाईला ताट धरताना त्रास होत होता. तिच्या बोटांचे सांधे गाठींसारखे सुजले होते आणि वाटी उचलताना ती दोन्ही तळव्यांत दाबून उचलत होती.

"काय हाये, कुंताबाई?" शेजारच्या बाकावरच्या ड्रायव्हरनं विचारलं.

"रोहूचा रस्सा, भात. पाहिजे तं कांदा देतो."

शुभांगीताईंच्या मनात निकेशचा हिशोब चालू होता. केसा वाढवायच्या म्हणून त्यानं खंजीर घातला? पण त्याला कैलाशला अडकवायचं असतं तर पहिल्याच दिवशी पंचनाम्यात खंजीर लिहिला असता. चार महिन्यांनी मोजूनमापून सव्वादहा इंचाचाच दुसरा शोधायची काय गरज? ज्यानं बदललं त्याला कैलाशशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त कोणाच्या लक्षात येऊ नये एवढंच हवं होतं. म्हणजे त्याला केस नको होती. त्याला चाकू हवा होता.

त्यांनी हे कैलाशला सांगायला तोंड उघडलं. कैलाश जेवत नव्हता. त्यानं रश्श्यातला माशाचा तुकडा बोटांनी उचलून उजेडाकडे धरला होता. मग दुसरा उचलला, पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग तिसरा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"काय झालं? खराब आहे का?"

त्यानं मान हलवली. तुकडे ताटात ठेवले, हात धुतले आणि बाहेर गेला. शुभांगीताई मागोमाग गेल्या. तो गाडीच्या दाराला धरून उभा होता.

"मॅडम, विळीवर मासा कापला का कातडं ओढल्या जाते, मांस फाटते. हे पाहिलं तुमी? काचेसारखं साफ कापलं हाये. अन् सगळे तुकडे एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. सगळे. एकाच बाजूनं." त्यानं डावा हात पुढे केला, मग मूठ उजव्या हातात घेतल्यासारखं दाखवलं. "डाव्या हाताचा चाकू उजव्या हातात धरला का तो असाच पळते. आडवा. कितीही सरळ धरा."

तो खानावळीच्या मागच्या पडद्याकडे बघत राहिला.

"माझा चाकू तिथं हाये. अन् त्याच्यानं काटे तोडून राहिले, मॅडम. दात पडले असन त्याचे."

६

शुभांगीताईंनी त्याला हात धरून थांबवलं. आत जाऊन चाकू उचलला असता तर सगळा पुरावा संपला असता. आणि सव्वादहा इंचाचं पातं पर्समध्ये घालून भंडाऱ्याला निघाल्या असत्या तर पुढच्या नाक्यावर त्या स्वतःच आरोपी झाल्या असत्या.

त्या एकट्याच परत आत गेल्या आणि ताटं उचलणाऱ्या कुंताबाईशी बोलू लागल्या. "मावशी, एवढ्या दुखऱ्या हातांनी मासा कसा कापता?"

"आधी नाही होये. विळीवर जोर लागते ना," ती सरळपणे म्हणाली. "खानावळ बंद कराचं ठरवलं होतं. मंग माह्या भावानं एक सुरी आणून देली. हात ठेवला का कापते, बाई. जोरच नाही लागत. लेकरासारखा वाढवला मी त्याले. माय मेली तवा चार वर्साचा होता."

"भाऊ इथंच असतात?"

"हे काय, समोर. ठाण्यात हवालदार हाये. नत्थू."

अर्ध्या तासानं ठाण्याच्या मागच्या खोलीत तिघं बसले होते. शुभांगीताई, निकेश हटवार आणि नत्थू कापगते. शुभांगीताई आवाज न चढवता बोलल्या. तेलाच्या डागावरून त्या अंगठ्याकडे आल्या, अंगठ्यावरून सहीकडे, सहीवरून यादीतल्या गिरवलेल्या आकड्याकडे. निकाली मालातला एक खंजीर कमी झाला होता, आणि तो आता भंडाऱ्याच्या कोर्टात होता. शेवटी त्यांनी माशाच्या तुकड्यांचं सांगितलं. निकेश आधी ऐकत होता, मग त्यानं नत्थूंकडे बघायला सुरुवात केली.

"काका?" तो एवढंच म्हणाला.

नत्थूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुडक्याचा कोपरा उंदरानं कुरतडला होता, साहेब. पातं दिसलं. हात लावून पाहिला. असा चाकू मी जन्मात पाहिला नाही." ते थांबले. "ताईचे हात तुमी पाहिले. माह्या शिक्षणापायी तिनं लगन नाही केलं. मनलं, केस चालन दहा वर्सं, मंग हे बी पेटीत जाईन, तोडून टाकन. तोवर तिच्या कामात येईन. निकाली मालात एक सव्वादहाचाच सापडला, मूठ बी काळी. मी दोनदा मोजला. चाकूच्या जागी चाकू. माप तेच, कलम तेच. त्या पोराचं मी काय नुकसान केलं?"

"काका, माप तेच आहे," शुभांगीताई म्हणाल्या. "पण कायदा ज्याला सोडतो तो हा चाकू, आणि ज्याला धरतो तो तो खंजीर. एक स्वयंपाकासाठी घडवलाय, दुसरा माणसासाठी. त्याचा चाकू असता तर तो सुटला असता. तुमच्या खंजिरानं तो तुरुंगात जाईल. परवा."

नत्थूंनी मांडीवरची टोपी हातात घेतली.

"मले कोनी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तीस वर्सं झाले. आमाले पट्टी देली. नऊच्या वर का खाली, एवढंच पाहा मनून."

निकेश खिडकीशी जाऊन उभा राहिला. नत्थू काकांनीच त्याला या ठाण्यात काम शिकवलं होतं. पंचनामा कसा लिहायचा तेही.

"मॅडम," तो पाठमोराच म्हणाला, "हे मी लिहिलं तं काकाची नोकरी जाते. गुन्हा दाखल होते. पेन्शन अडकते."

"हो."

"अन् नाही लिहिलं तं?"

शुभांगीताई खिडकीशी त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाहेर गाडीत कैलाश बसलेला या खोलीतून दिसत होता.

निकेशनं टेबलावरून कोरे कागद घेतले. "काका, चाला. दोन पंच घेऊ. ताईले आधी तुमीच सांगा. मी सांगितलं तं ती घाबरन."

त्या दिवशीचा पंचनामा निकेशनं दीड तास लिहिला. लांबी, रुंदी, सरळ पाठ, एकाच बाजूची धार आणि ती कोणती बाजू, धारेवरचे अकरा लहान दात, मुठीजवळची परदेशी अक्षरं. कैलाशच्या मोबाईलमधल्या फोटोशी एकेक खूण ताडून बघितली. सेवकरामनं न बोलावता ठेला सोडून येऊन जबाब दिला. त्यात होळीच्या आठवड्यात पुन्हा केलेल्या सहीची तारीखसुद्धा होती.

७

गुरुवारी नत्थू कापगते साध्या कपड्यांत कोर्टात आले. आपण काय केलं ते त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. कोणी विचारलं नाही तेही सांगितलं.

सरकारी वकिलांनी शेवटचा मुद्दा सोडला नाही. "चाकू स्वयंपाकाचा असेल. पण घरगुती म्हणजे घरात. निवडणुकीसाठी हत्यारबंदीचा मनाई हुकूम लागू असताना एसटीच्या गर्दीत तो कसा? शिवाय परदेशातून आणल्याचा एकही कागद आरोपीकडे नाही."

शुभांगीताई उभ्या राहिल्या. "महोदया, मनाई हुकूम हत्याराला आहे, आणि हे हत्यारच नाही. कागद नाही, कारण द्यायचा की नाही हेच देणाऱ्यांना माहीत नव्हतं. विमानतळावर तीन अधिकारी अर्धा तास उभे होते. ज्या नियमाचा अर्थ त्यांना ठरवता आला नाही, तो माझ्या अशिलानं एसटीच्या पायरीवर एका क्षणात ओळखायला हवा होता का?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. निकालात त्यांनी लिहिलं की नियम वस्तू कुठे सापडली हे विचारत नाही, ती कशासाठी घडवली हे विचारतो. आणि स्वयंपाकी कामाला निघाला तर त्याचं अवजार त्याच्यासोबतच असणार. आयातीचा प्रश्न या न्यायालयापुढे नाही, असंही एक वाक्य त्यात होतं. शुभांगीताईंनी ते दोनदा वाचलं. तो प्रश्न अजून कुठेतरी तसाच पडून होता.

कैलाश निर्दोष सुटला. पोलिसाचा दाखला आठवड्यात मिळाला आणि हॉटेलवाल्यांनी चार महिन्यांनंतरचं तिकीट पाठवलं. नत्थू निलंबित झाले, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांची केस घ्यायला शुभांगीताईंनी एका सहकाऱ्याला सांगितलं. स्वतः त्या घेऊ शकत नव्हत्या.

चाकू अपिलाच्या मुदतीनंतर परत मिळाला. कैलाशनं तो हातात घेतला, धारेवरून अंगठा फिरवला, दात मोजले आणि फडक्यात गुंडाळला. मग म्हणाला, "मॅडम, आता हा घरी कसा नेऊ? पुन्हा पकडला तं?"

"निकालाची प्रत सोबत ठेव."

"अन् त्यानं वाचलीच नाही तं?"

"कायदा तुझ्या बाजूनं आहे, कैलाश," त्या म्हणाल्या. "नाक्यावर उभा असलेला माणूस कोणाच्या बाजूनं असेल, ते मला नाही सांगता येत." आणि त्यांनी गाडीची किल्ली घेतली. "चल, मी सोडते."

सिहोरा उत्तरेला होता, करंजटोला दक्षिणेला. कैलाशनं आधी करंजटोल्याला न्यायला सांगितलं.

खानावळीत मासा नव्हता. वरण, भात आणि वांग्याची भाजी. कुंताबाई त्याला बघून उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरला. "तुह्या तोंडाकडे कशी पाहू, बाबू? मले ठाऊक नव्हतं रे."

"मले माहीत हाये, मावशी."

तो तिच्यासमोर बसला, तिचे हात आपल्या हातात घेऊन बोटं दाबून पाहिली, कुठे दुखतं ते विचारलं. मग पिशवीतून एक नवी सुरी काढली. भंडाऱ्यातल्या दुकानातून सकाळीच आणलेली. आठ इंची, उजव्या हाताची, जाड मुठीची, म्हणजे आखडलेल्या बोटांनाही धरता यावी अशी.

"तो चाकू तुमचं ऐकतच नव्हता, मावशी. डाव्या हाताचा होता. हा घ्या. काट्यालेबी चालते."

कुंताबाईनं सुरीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही.

"नत्थ्यानं बी अशीच आणून देली होती," ती म्हणाली. "मायेनं. मी इचारलंच नाही, कुठून आनली मनून."

 कैलाशनं शुभांगीताईंकडे बघितलं.  चुलीवरचं वरण उतू जायला लागलं तशी तुळसा धावली.

कुंताबाईनं सुरी दोन्ही तळव्यांत दाबून उचलली, तिचं वजन बघितलं, आणि परत कैलाशच्या पिशवीत ठेवली.

"दुकान कुठं हाये ते दाखव मले," ती पदर खोचत म्हणाली. "मी सोता घेतो."